उंबऱ्याबाहेरचा चहा

सकाळच्या शांत स्वयंपाकघरात माझी शिट्टी वाजली, आणि पाठोपाठ दारही वाजलं.

मित्रांनो, मी इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी गावच्या एका लहानशा घरातली जुनी, निळी किटली आहे. लिंझीला तिच्या सासूने लग्नात मला दिलं. इथली सगळी भांडणं माझ्याच चहावर मिटली. मग विजेची किटली आली नि मी माळ्यावर गेले. ती जळाली, तेव्हा लिंझी मला खाली काढत म्हणाली, "चल गं म्हातारे, शेवटी तूच खरी!" केवढी सुखावले मी!

दारात थंडीने काकडलेले दोन पोलीस होते. लिंझीचा नवरा क्रेग गोदीत कामाला. तिथली अवजारं चोरीला गेली होती.

"कोर्टाचा हुकूम नाहीये आमच्याकडे," पोलीसबाई म्हणाली. "घर बघू द्याल? नको असेल तर सरळ नाही म्हणा."

टेबलाशी बसलेला क्रेग मान हलवत होता. नको, नको. मित्राने ठेवायला दिलेली पिशवी जिन्याखाली होती. त्याने ती उघडलीही नव्हती, नि लिंझीला तिचा पत्ताच नव्हता. तिची तर त्याच्याकडे पाठ होती.

आणि काकडलेल्या माणसाला दारातून परतवणं आमच्याकडे जमतच नाही.

"अहो, नाही कसलं म्हणायचं? या, बघा! पाय मात्र पुसा हं, नाहीतर मीच अटक करीन तुम्हाला!" लिंझी हसली. "साखर किती?"

"दोन चमचे," तरुण शिपाई म्हणाला.

तो चहा कुणी प्यायलाच नाही. पिशवीत अवजारं निघाली.

"यांना चौकशीला न्यावं लागेल. चोवीस तासांत आरोप ठेवू, नाहीतर सोडू. आरोप ठेवला तर मात्र..." पोलीसबाई थांबली.

"त्याने काही केलं नाही हो! नाही म्हणते मी! आता म्हणते ना, नाही, नाही!"

"आता उशीर झाला, बाई."

गाडी गेली. माझ्याखालचा गॅस तसाच होता. मी शिट्टी वाजवत राहिले, पाणी संपेपर्यंत. मग शिट्टीही संपली.

मित्रांनो, आम्हाला कोरडं तापवू नका, आमचं बूड जातं. आणि दारात कुणी परवानगी मागितली, तर क्षणभर थांबा. चहा उंबऱ्याबाहेरही देता येतो.

करपल्याच्या वासाने चिमुकली टेसा खाली आली. आईने मला उतरवलं, पण तिचा हात माझ्या मुठीवरून सुटेना.

"आई, तू नाही म्हणाली असतीस, तर बाबा आत्ता इथे असता का गं?"