आठ रोज टिकणारी भाकर

विशाखापट्टणमला निघताना मनकर्णाबाईंनी कडक वाळवलेल्या भाकरींचं हे एवढं गाठोडं बांधलं, वर शेंगदाण्याची चटणी. जणू समुद्राकाठी कुणी चूलच पेटवत नाही! लेकीनं, ऋतुजानं, कपाळाला हात लावला.

“हॉटेलात कशाला पैसे घालायचे? भाकर आठ रोज टिकती,” माय म्हणाली.

ऋतुजा नांदेडला एका दवाखान्यात नर्स होती, आणि झाली ती मायच्याच जिवावर. मुखेडच्या घरात माय सगळ्यांना तव्यावरची गरम भाकर वाढायची, स्वतः मागून उरलीसुरली गार खायची. एकदा तरी मायनं निवांत बसून, दुसऱ्याच्या हातचं गरम खावं, यासाठी ऋतुजानं ही सहल काढली होती. समुद्र आपला निमित्ताला.

दोन दिवस माय काही बधली नाही. धर्मशाळेत उतरल्या, सिटी बसनं हिंडल्या, किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली पाणबुडी बाहेरूनच पाहिली. लाट पायाशी आली तेव्हा माय लुगडं सावरत पोरीसारखी खिदळली. पण भूक लागली की गाठोडं सुटायचं. शेजारच्या डोशाच्या गाडीवरून खमंग वास यायचा, आणि ऋतुजा मुकाट्यानं भाकर चावायची.

तिसऱ्या सकाळी गाठोडं सोडलं तर भाकरी मऊ पडलेल्या, वर हिरवी बुरशी. मुखेडच्या कोरड्या हवेतल्या भाकरीला ही दमट हवा सोसली नव्हती. मायचा चेहराच उतरला.

“अन्न नासलं ग माझ्या हातानं.”

ऋतुजाला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोला, मनातल्या मनात तिनं समुद्राला हात जोडले.

मग ती मायला त्या शेजारच्या गाडीवर घेऊन गेली. तिथं एक बाई एकटीच पेसरट्टू, म्हणजे मुगाचे डोसे घालत होती. तिनं मायला स्टुलावर बसवलं आणि तव्यावरचा डोसा थेट ताटलीत वाढला, सोबत आल्याची चटणी.

“तू खा आधी,” माय लेकीला म्हणाली.

“न्हाई. आज तू आधी.”

माय खाऊ लागली. दुसरा आला, तिसरा आला, तरी ती ‘बस’ म्हणाली नाही.

मायचं माहेर तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरकडचं, त्यामुळं थोडी तेलुगू यायची. हात धुतल्यावर तिनं बाईला विचारलं, “तिन्नावा?” खाल्लंस का?

गिऱ्हाईक आवरल्यावर, उरलं तर खाईन, असं बाई हसत म्हणाली.

मायनं पदर खोचला आणि तिच्या हातातलं उलथनं घेतलं.

“माय, आता तरी बस की!”

“बसले न्हवं पोटभर? तुझ्या पुण्याईनं. गरम खाल्लेलं किती गोड लागतंय, मला साठीत कळलं. हिला आजच कळू दे.”

बाई संकोचत स्टुलावर टेकली. मायनं घातलेला डोसा भाकरीएवढा जाड झाला. बाईनं तो गरम गरम, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.