बुडख्यावरचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे, पण खिळे ठोकणारा नव्हे. जालन्याच्या लोहाराने मला घडवलं आणि माझ्या तोंडावर जंगलखात्याची उलटी अक्षरं कोरली. मी ज्या झाडावर बसलो, ते झाड गेलंच म्हणून समजा! एक ठसा छातीच्या उंचीवर, दुसरा अगदी बुडाशी. वरचा लाकडासोबत जातो, खालचा बुडख्यावर राहतो. तोड कोणाच्या हुकमाने झाली, हे त्यावरून कळतं.

टेंभुर्णीपलीकडच्या डोंगरात वनरक्षक साहेबराव मला कमरेला लावून फिरत. 'काय घाव बसतो हो!' असं मजूर म्हणाले की मी फुगून जात असे. घरट्यांच्या झाडांना मात्र शिक्का मारायचा नाही, असा वरून हुकूम होता आणि साहेबराव तो पाळत.

त्र्याहत्तर साल. दुष्काळात गुरं पटापट मेली होती. गावातले मालक मेलेलं ढोर गाडीने आणून नाल्यात टाकत. तिथे एक मोठा अर्जुनसादडा होता आणि त्यावर गिधाडांची घरटी. दोन दिवसांत नुसती हाडं उरत. गिधाडं मला मुळीच आवडत नसत, पण काम चोख करत.

त्या डोंगरातल्या तोडीचा ठेका रामरावांनी घेतला होता. गावातले मोठे जमीनदार. त्यांचा डोळा नेमका त्याच झाडावर! शिक्का मारून घ्यायला ते स्वतः आले. त्या दिवशी सरपणाला आलेली कांताबाई साहेबरावांच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"साहेब, ह्याला हात लावू नका. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तवाच ढोरं वढायचं सोडलं. गिधाडं गेली तं गावाला पुन्हा आमचीच याद येईल."

"गिधाडं काय तुझ्या कोंबड्या हायेत व्हय?" रामराव हसले. "दुसरं झाड बघतील. मारा साहेबराव, जल्दी. न्हाईतर बदलीची तयारी करा."

साहेबरावांनी वर पाहिलं. घरट्यात पिल्लू मान वळवत होतं. मग त्यांनी मला उचललं. दोनदा. कांताबाई मोळी तिथेच टाकून निघून गेली.

झाड पडलं तेव्हा गिधाडं किती तरी वेळ घिरट्या घालत होती. नंतर आभाळ रिकामं झालं. कसलं भकास आभाळ ते! मला तेव्हाच धास्ती वाटली.

उन्हाळ्यात रामरावांचा बैल मेला. नाल्यात टाकला, पण वरून कोणीच उतरलं नाही. तो फुगला. वास विहिरीपर्यंत आला, गावची कुत्री तोंडं लाल करून फिरू लागली. रामरावांनी कांताबाईच्या वस्तीवर निरोप धाडला : बैल ओढून पुरा, नाहीतर उद्यापासून माझ्या शेतात काम नाही.

कांताबाई नाल्यावर आली, पण हातात दोर नव्हता. रामराव आणि साहेबराव तिथेच उभे होते. सगळी वस्ती मागे उभी होती. तिने बुडख्यावरची माती पदराने पुसली. माझा ठसा अगदी स्पष्ट दिसला.

"हा शिक्का कोणाचा?"

"माझा," साहेबराव म्हणाले.

"मंग ढोर बी तुमचंच. आम्ही न्हाई वढणार."

साहेबरावांनी मला बुडख्यावर ठेवलं आणि बैलाजवळ पडलेला दोर उचलला. दुसरं टोक रामरावांपुढे धरलं. रामरावांनी आजूबाजूला पाहिलं. कोणीच पुढे येईना, तेव्हा त्यांनी नाकाला उपरणं बांधून ते धरलं.

दुसऱ्या दिवशी रामरावांनी वस्तीतल्या कोणालाच शेतात कामाला बोलावलं नाही. कांताबाई मुलांना घेऊन बदनापूरकडे मजुरीला गेली. गिधाडं काही परतली नाहीत, आणि गावातली गुरं मरायची थोडीच थांबणार होती?

आता मी कचेरीच्या कोपऱ्यात गंजत पडलोय. पडू दे. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या तरी हाती उद्या असा हातोडा येईलच. तो उचलण्याआधी एकदा वर बघा. आणि वाट अडवून कोणी बाई उभी असेल, तर तिचं आधी ऐकून घ्या.