शांततेतला घोट

मी पेला बोलतोय. काचेचा, साधा, काठाला टवका उडालेला. संचातले माझे भाऊ केव्हाच फुटले, मी तेवढा उरलो. या खोलीत भांडणारी माणसं तोडगा काढायला येतात आणि आमच्या मध्यस्थ बाई त्यांच्यामध्ये बसतात. मी टेबलावर असतो. माझ्याकडे कोण बघतंय!

बाईंना एक खोड होती. दोन्हीकडची माणसं गप्प झाली, की यांना दम निघत नसे. "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का..." करून लगेच मध्ये बोलायच्या. ओठांवर आलेलं समोरचा गिळून टाकायचा. मला सगळं दिसायचं, पण मी पडलो पेला.

दर महिन्याला त्यांच्या कामाची विचारपूस करायला एक ज्येष्ठ मध्यस्थ ताई यायच्या. बाई त्यांच्यापुढे डोळे पुसायच्या. "ताई, याही वेळी घाई केली मी."

एकदा ताई म्हणाल्या, "अगं, हे तू मागच्या खेपेलाही म्हणालीस. चूक कळली, छान. आता करणार काय?"

"गप्प बसायचा प्रयत्न करीन."

"प्रयत्न म्हणजे नेमकं काय? तेव्हा हाताने काय करशील, ते सांग. नाहीतर आता दोघा भावांचं भांडण येणार आहे तुझ्याकडे, ते प्रकरण मी दुसऱ्या कुणाकडे देते."

बाई वरमल्या. इकडेतिकडे बघताना त्यांची नजर माझ्यावर पडली. "बोलावंसं वाटलं, की आधी पाण्याचा घोट घेईन. पेला खाली ठेवेपर्यंत बोलणार नाही."

"हां! आता कसं! पुढच्या वेळी मी एवढंच विचारणार."

काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी कामाचा झालो!

ते भाऊ आले. आई गेल्यापासून दोघांचा अबोला. थोरला तावातावाने बोलला, धाकटाही बोलला, मग दोघेही गप्प. बाईंचे ओठ हलले. पण हात माझ्याकडे आला. एक घोट. तरी शांतता. आणखी एक. मी जवळजवळ रिकामा झालो, तेव्हा धाकटा म्हणाला, "दादा, आई जाताना मला का नाही रे बोलावलंस?"

थोरल्याने तोंड ओंजळीत लपवलं. "तू यायला नाही म्हणशील, याची भीती वाटली मला."

पुढच्या महिन्यात ताईंनी विचारलं, "घेतलास घोट?" बाई नुसत्या हसल्या.

आता बाईंना माझी गरजच पडत नाही. हात मांडीवर ठेवून त्या निवांत गप्प बसतात. सकाळी मला भरतात, संध्याकाळी तेच पाणी कुंडीत ओततात. त्यांचं भलं झालं, मला आनंद आहे. पण फार एकटं वाटतं हो.

तुमच्या घरी कधी दोन माणसं गप्प झाली, तर लगेच बोलू नका. जवळचा पेला उचला. तेवढीच आमच्यापैकी कुणाला हाताची ऊब.