रुखवताचं विमान

विमान कशानं पडतं, असं पेडगावात कुणालाही विचारा. टपरीवाला सांगेल, तेलात पाणी निघाल्यानं. ज्याची एसटीत पुढच्या सीटवर बसायची छाती नाही, तो सांगेल, ढगात घुसलं की वर कुठं अन् खाली कुठं ते कळत नाही म्हणून. म्हाताऱ्या सांगतील, नजर लागून. हल्ली गाव या बाबतीत फार शहाणं झालंय. नजरेचं सोडलं तर बाकीचं सगळं खरंच आहे, आणि लिंबाजीची नजर ज्यानं पाहिलीय तो नजरेचंही सोडणार नाही.

हे शहाणपण गावाला आलं ते लिंबाजीच्या लेकीच्या, निकिताच्या लग्नात. मुलगा जिंतूरकडच्या दिनकररावांचा, आदिनाथ. दिनकररावांच्या मनात आलं, सून विमानानं न्यायची. पेडगावाहून जिंतूर ते केवढं? विमान वर जाऊन सरळ होतंय तोवर उतरायची वेळ. पण बोलबाला अंतरावर कुठं अवलंबून असतो? परवानग्या त्यांनी वऱ्हाडी गोळा करावेत तशा गोळा केल्या, काही गोड बोलून, काही दम देऊन. मग लिंबाजी कसा मागं राहील? त्यानं शेतातला मुरमाचा रस्ता रुंद करून त्यावर रोलर फिरवला. इतका फिरवला की मुंग्या बिऱ्हाड घेऊन शेजारच्या शिवारात गेल्या.

आणि त्या रस्त्यावर चार माणसांचं, एका इंजिनाचं पांढरं विमान घेऊन कोण उतरलं, तर सुकेशनी. नागनाथ गुरुजींची थोरली.

गुरुजींनी झेडपीच्या शाळेत अर्ध्या गावाला पाढे शिकवले होते, लिंबाजीच्या पोरांनाही. त्या अर्ध्या गावानं लग्नाच्या पंगतीत गुरुजींना कधी वरच्या ओळीला बसवलं नव्हतं. त्यांची पोरगी विमान चालवायला शिकली, मग दुसऱ्यांना शिकवू लागली, हे गावानं ऐकलं होतं. पण ऐकलेलं कानाआड करता येतं, डोळ्यांदेखत उतरलेलं कुठं आड करणार? ती दार उघडून खाली उतरली तेव्हा लोकांनी आधी तिच्या मागं पाहिलं. खरा पायलट अजून आत असेल असं वाटलं. मागून कुणी आलं नाही, तेव्हा लिंबाजीनं पान थुंकलं.

सुकेशनीच्या मनात एकच होतं. आज या गावासमोर विमान नीट वर न्यायचं, जिंतूरला नीट उतरवायचं आणि कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही. कारण ती संध्याकाळी निघून जाणार होती, गुरुजींना मात्र इथंच राहायचं होतं.

व्याह्या-व्याह्यांचं सकाळपासून पेटलेलंच होतं. दिनकररावांनी मांडवाला नाव ठेवलं, लिंबाजीनं बँडला. दिनकरराव म्हणाले बुंदी कच्ची, लिंबाजी म्हणाला खाणाऱ्याची जीभ कच्ची. अक्षता कुणाच्या पिवळ्या आणि कुणाच्या लाल, यावरही दोन माणसांना मध्ये पडावं लागलं.

जेवणं उरकली आणि सुकेशनी विमानाकडं आली, तर विमान ओळखू येईना. लिंबाजीची थोरली बहीण कडूबाई हिनं सगळं रुखवत आत भरून घेतलं होतं. नारळाएवढे डिंकाचे लाडू, पितळेचे हंडे, त्या हंड्यांत करंज्या, पाटा-वरवंटा, जातं, आणि वर सिमेंटची रंगवलेली बैलजोडी. ते पाहून दिनकररावांच्या माणसांनीही शेपटीकडच्या कप्प्यात व्याह्याच्या नाकावर टिच्चून साड्यांचं गाठोडं आणि नारळांचं पोतं कोंबलं होतं. विमानाची शेपूट खाली टेकायला आली होती आणि पुढचं चाक जमिनीला नावापुरतं लागलं होतं. वेसण ओढलेला बैल जसा तोंड वर करून उभा राहतो, तसं ते उभं होतं.

सुकेशनीनं सांगितलं, सगळं बाहेर काढा. नवरा, नवरी आणि एक लहान पिशवी, बस.

तिनं नीट समजावूनही सांगितलं. पाहुणे वाढले की ताकात पाणी वाढतं ना, तशी वैशाखात हवा पातळ होते. पंखांना धरायला काही राहत नाही. त्यात शेपटीला वजन. असं विमान चाकं उचलतं, मग नाक आपोआप वर जातं आणि ते धोंड्यासारखं खाली येतं. अशी पडलेली विमानं तिनं फोटोंत पाहिली होती, एक तर डोळ्यांनी.

हे ऐकून एक चमत्कार झाला. दिवसभरात पहिल्यांदा दोन्ही व्याह्यांचं एकमत झालं.

कडूबाईनं सुरुवात केली. नवरीच्या पाठीमागून रुखवत गेलं नाही तर सासरचे काय म्हणतील, की माहेरचे बोडके होते? "माझ्या पोरीचं रुखवत ट्रॅक्टरात आन् पोरगी विमानात? आमच्यात असं होत न्हाई बाई. तुमच्यात होत असंल."

"आत्या, आमच्यात माणूस जिता पोचला की झालं म्हनतेत," सुकेशनी म्हणाली.

दोन-चार जण हसले. तेच लिंबाजीला झोंबलं. तो पुढं आला आणि तिच्याशी न बोलता गर्दीशी बोलला. "गुरुजीनं आमाला पाढे शिकविले. आता त्यांची पोरगी वजनं शिकवायली. अगं, भाड्याची गाडी हाय, तू डायव्हर हायेस. डायव्हरनं हाकायचं."

दिनकरराव शिकलेले, ते गोड बोलले, आणि त्यांचं गोड बोलणं जास्त लागायचं. "भ्यायली असशील तर तसं सांग पोरी. त्यात लाज काय? बोलाव तुझ्या वडलांना, हात धरून नेतील घरी."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. गुरुजी मांडवाच्या शेवटच्या खांबापाशी उभे होते, इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला, आणि तो स्वच्छच होता.

इथवर सुकेशनीचं काही चुकलं नव्हतं. किल्ली खिशात टाकून ती पिंपळाखाली जाऊन बसली असती, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि सांगण्यासारखीही राहिली नसती. पण बापाचा तो चष्मा तिला दिसला, आणि तिचं डोकं फिरलं.

"ठीक हाय," ती म्हणाली. "रुखवत ऱ्हाऊ द्या. पण नवरा-नवरीला मी बसवणार न्हाई. मागं तुमी दोघं बसा, इवाई-इवाई. भ्यायचं कारण न्हाई म्हनता ना? मंग चला."

लिंबाजीनं दिनकररावांकडं पाहिलं, दिनकररावांनी लिंबाजीकडं. नको म्हणायला दोघंही तयार होते. पण आधी कुणी म्हणायचं? लिंबाजी म्हणाला, पाव्हण्यांना उन्हाचा तरास होईल. दिनकरराव म्हणाले, छे छे, इवायाचं वय झालंय म्हणून काळजी वाटते. झालं. दोघंही चढले. दोघांच्या मांडीवर एकेक हंडा दिला. लाडवांची परात दोघांच्या मागं, मानेच्या उंचीला.

सुकेशनीचा बेत सोपा होता. विमान वर न्यायचंच नव्हतं. रस्त्याच्या अर्ध्यावर सिमेंटची पाण्याची टाकी होती. जाणते पायलट अशी एक खूण धरतात. तिथवर हवा तेवढा वेग आला नाही तर इंजिनाच्या मुठीवरचा हात निमूट मागं घ्यायचा आणि थांबायचं. वेग येणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. जोरात पळवायचं, दोघांची भंबेरी उडवायची, टाकीपाशी थांबवायचं, मग रुखवत उतरवायला कुणी हुज्जत घालणार नाही.

विमान सुटलं. मुरूम उडाला तो मांडवातल्या बासुंदीत जाऊन पडला. मागं हंडे खणखणायला लागले, जातं सरकलं, बैलजोडीचं एक शिंग तुटलं. आरशात दोघांची तोंडं तिला दिसत होती, पांढरीफटक, ओठ घट्ट मिटलेले. दोघंही समोर बघत नव्हते. एकमेकांकडं बघत होते. जो आधी ओरडेल तो हरला.

टाकी आली. वेग पुरेसा नव्हता, काटा ढळढळीत दाखवत होता. आता हात मागं घ्यायचा.

आणि सुकेशनीनं हात मागं घेतला नाही. तिला ते ओरडणं ऐकायचं होतं. एकदाच. लिंबाजीचं नाहीतर दिनकररावांचं, कुणाचंही, पण मागून "थांबव माय" असं ऐकू यायला पाहिजे होतं.

टाकी मागं गेली. पुढं बाभळी मोठ्या व्हायला लागल्या. पुढचं चाक उचललं गेलं, नाक आपोआप वर चढायला लागलं, ते खाली आणायला तिनं दांडा पुढं दाबला तरी ऐकेना. तेव्हा कुठं मागून किंकाळी आली, अशी की बाभळीवरचे बगळे म्हणे थेट येलदरीच्या धरणावर जाऊन बसले.

तिनं इंजिन आवळलं, ब्रेक दाबले. पण एवढ्या वजनाचं विमान मुरमावर काय थांबतंय? ते घसरत गेलं, रस्ता संपला, आणि पुढचं चाक पाण्याच्या पाटात जाऊन मोडलं. पंखा चिखलात रुतून केळीच्या पानासारखा वाकला. परात पुढं आली. डिंकाचा एक लाडू लिंबाजीच्या मानेला चाटून समोरच्या काचेवर आदळला, आणि खरं सांगायचं तर तडा काचेला गेला, लाडवाला नाही.

माणसं तिघंही शाबूत निघाली. तेवढं नशीब.

गाव पळत आलं. लिंबाजी आणि दिनकरराव चिखलात उभे राहून एकाच वेळी सांगत होते, की ओरडला तो दुसरा. निकिता आणि आदिनाथ जीपमध्ये बसून जिंतूरला गेले. रुखवत मागून ट्रॅक्टरात गेलं, आणि ते बोडकं दिसलं असं जिंतुरात कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. कडूबाई मात्र तुटलेलं शिंग शोधत अंधार पडेस्तोवर पाटात उतरलेली होती. चौकशी बसली. विमानवाल्यांनी सुकेशनीला उडायचं बंद केलं, किती दिवस ते सांगितलं नाही.

ती गुरुजींच्या घरी येऊन राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी आला, ओट्यावर बसला, पाणीसुद्धा प्याला. त्या घरचं पाणी तो पहिल्यांदाच प्याला. म्हणाला, चौकशीत सगळा दोष त्या जिंतूरवाल्याच्या पोत्यावर घालू, मी साक्ष देतो. तू फक्त गावात एवढं सांग की आधी तोच ओरडला. तो उठतो न उठतो तोच दिनकररावांची गाडी दारात. त्यांचंही तेच, फक्त नाव उलटं. दोघं एकाच ओट्यावर समोरासमोर आले.

"बोल गं पोरी," लिंबाजी म्हणाला. "आधी कोन वरडलं?"

गुरुजी दारात उभे होते. सुकेशनीनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"आधी मी वरडायला पायजे होतं काका," ती म्हणाली. "टाकीपाशी. ते काम तुमचं न्हवतंच. वजन तुमी भरलं, पन ते घेऊन सुटले मी. चौकशीत बी मी हेच सांगणार हाय."

"ते ठीक आहे गं," दिनकरराव म्हणाले, "पण ओरडलं कोण?"

"ते मी सांगणार न्हाई."

दोघांनी तिच्याकडं असं पाहिलं, की विमान मोडल्यावरही तसं पाहिलं नव्हतं. मग दोघं उठले, एकमेकांना आधी पायरी उतरू देईनात, आणि दोघंही ओट्यावरून एकदमच उतरले. तेव्हापासून त्यांचं तिच्याशी वाकडं आहे. गावात ते सांगतात की गुरुजीची पोरगी फार माजली. गुरुजी मात्र रोज संध्याकाळी लिंबाजीच्या दारावरून फिरायला जातात, आणि चष्मा न पुसता.