पुरायचे कागद

संत्र्यांच्या रिकाम्या पेटीच्या तळाशी सिगारेटचं एक थोटूक होतं, आणि फक्त तेवढंच होतं. नफ्ताली ब्रोनर खाटेच्या कडेवर बसून त्या थोटकाकडे पाहत राहिला. पेटी म्हणजे त्याची कचऱ्याची टोपली. काल संध्याकाळी त्यानं तिच्यात कवितेची चार पानं चुरगाळून टाकली होती — टाकताना किती हलकं वाटलं होतं, दुखरी दाढ उपटल्यावर वाटतं तसं — आणि आता सकाळचे नऊ वाजले होते, खिडकीतून कार्मेल बाजारातल्या मासळीचा वास येत होता, आणि पानं नव्हती.

ती हवी होती, कारण ती टाकून दिल्यावर काल रात्री कॅफेत त्यानं फुशारकी मारली होती. शुक्रवारच्या पुरवणीचा संपादक अविगदोर समोर बसलेला, कुणीतरी नेहमीचा टोमणा मारला, "काय रे नफ्ताली, तुझं पुस्तक आधी येणार की मसीहा?" सगळे हसले, तोही हसला, आणि हसता हसता म्हणून गेला — एक कविता झालीय. पुरी झालीय. अविगदोर हसायचा थांबला. "उद्या चारपर्यंत आणून दे. अर्धं पान मोकळं ठेवतो." आठ वर्षांत त्याच्यासाठी कुणी अर्धं पान मोकळं ठेवलं नव्हतं. आठ वर्षं तो कोपऱ्यातल्या टेबलावरचा कवी होता. नवी पोरं लांबून बोट दाखवत, तो बघ ब्रोनर... लिहीत नव्हता म्हणूनच बहुधा मोठा होता. न लिहिलेल्या पुस्तकात वाईट ओळ सापडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याची फारशी लाजही वाटत नव्हती.

आठवून लिहावी म्हणून त्यानं पेन्सिल घेतली. सोडून आलेल्या गावाचं, कोव्हनोचं स्टेशन आलं, त्याच्या कोटाचं तुटलेलं बटण आलं, ते टाके घालून घाईघाईनं बसवणारी ती आली — दातांनी दोरा तोडताना तिचा गाल त्याच्या छातीला लागला होता, गाडी सुटायला दोन मिनिटं होती — आणि मग तिचं नाव. नावाशी पेन्सिल थांबली. कालही तिथंच... नाही, काल पुढे दोन पानं लिहिली होती, आणि ती दोन पानं वाचूनच तर बोळे केले होते. पुढचं सगळं खोटं होतं. आज चारपर्यंत मात्र खोटंही चाललं असतं.

खाली अंगणात घरमालकीण रूमिया मिरच्या वाटत होती. येमेनहून आलेली म्हातारी. नऊ वर्षांत तिनं त्याच्या दारूबद्दल, जिन्यावरून उतरणाऱ्या बायांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"रूमियामावशी, माझ्या पेटीतले कागद कुठं गेले?"

"कुठं जायचे? पोत्यात." तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "पवित्र अक्षरांचे बोळे करतोस मेल्या, वर राख झाडतोस! मी बोलले कधी? गुपचूप उचलते, हातानं सपाट करते, मुका घेते, ठेवून देते."

"काल पहिल्यांदा उचललेत ना?"

"काल? तू राहायला आलास तेव्हापासून!"

"अहो, त्या प्रार्थना नव्हत्या, मावशी. कवितेचे कागद होते."

"मला काय वाचता येतं? अक्षरं तर तीच ना?"

 देवाचं नाव ज्या अक्षरांत लिहितात त्या अक्षरांचा कागद फेकायचा नाही, जाळायचा नाही. साठवायचा आणि मेलेल्या माणसासारखा जमिनीत पुरायचा, हे त्यालाही लहानपणापासून माहीत होतं. पण वडलांच्या घरी तो मान फाटलेल्या पोथ्यांना होता. त्याच्या पानांत देव असलाच तर बहुतेक वेळा शिव्या खायला आलेला असे.

"पोतं सकाळीच सिनेगॉगातला यिह्या घेऊन गेला," रूमिया म्हणाली. "आज पुरायचा दिवस, इतक्या वर्षांनी आलाय. दुपारी गाडी निघते. घाई कसली एवढी? न्याहारी कर, भाकरी आहे, ठेचा आहे."

तो न्याहारीला थांबला नाही. गल्लीतून जाताना आपण भरभर चालतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं मुद्दाम वेग कमी केला. एका कवितेसाठी धावत सुटलेला पन्नाशीचा माणूस त्याला स्वतःलाच हास्यास्पद दिसला असता. नऊ वर्षं कुणीतरी आपल्या कागदांचे मुके घेत होतं... कॅफेत सांगायला झकास गोष्ट होती. पण ती सांगावीशी वाटेना, आणि का वाटेना ते कळेना.

सिनेगॉगच्या आवारात सात-आठ पोती भिंतीला टेकवून ठेवली होती. देखरेख करणारा यिह्या, पांढऱ्या दाढीचा काटकुळा म्हातारा, सुतळीनं त्यांची तोंडं शिवत होता.

"या कविराज! आज इकडे कुठं वाट चुकलात? प्रार्थनेला दहा माणसं लागतात, दहावा कमी पडतो तेव्हा हाका मारून घसा बसतो माझा, तेव्हा येत नाही तुम्ही."

"रूमियाबाईंचं पोतं बघायचंय. माझे कागद आहेत त्यात."

"बघा की. पण एक सांगून ठेवतो — काढलेला कागद पुन्हा कचऱ्यात जाता कामा नये. एक तर जपायचा, नाहीतर पुरायचा. तिसरं काही नाही."

चार पानं वरच होती. सुरकुत्या इतक्या निगुतीनं काढल्या होत्या की अक्षर त्याला क्षणभर परकं वाटलं, दुसऱ्या कुणा नीटनेटक्या माणसाचं. ती खिशात घालून त्यानं निघायला हवं होतं. पण खाली दोऱ्यानं बांधलेल्या पुडक्या होत्या, आणि त्यानं सहज, नुसतं सहज, एकीचा दोरा सोडला. लिफाफ्याच्या पाठीवर त्याचंच अक्षर. बटण. दोरा. दातांनी तोडलेला दोरा. आणि मग — ब्लूमा. खाली कोरं. तारखेवरून चार वर्षांपूर्वीचा. त्यानं दुसरी पुडकी सोडली. निवडणुकीच्या पत्रकामागे पेन्सिलीनं: स्टेशन, बटण, ब्लूमा. तिसरीत तर अगदी पहिल्या वर्षीचा कागद, या खोलीत आल्याच्या महिन्यातला. उपमा वेगळ्या, घाई तीच, आणि नावाशी येऊन सगळं बंद. काल त्याला वाटलं होतं की बहिणीबद्दल आपण जन्मात प्रथमच लिहितोय.

तो पायरीवर बसला. हसू यायला हरकत नव्हती, पण आलं नाही. आपण नऊ वर्षं लिहीतच नव्हतो असं नव्हे. एकच कविता लिहीत होतो आणि दर वेळी विसरत होतो.

"सापडलं?" यिह्या जवळ आला. त्याला वाचता येत होतं. त्यानं वाकून पाहिलं. "ब्लूमा कोण?"

"बहीण."

"कुठली?"

"कोव्हनो. शेवटचं पत्र एकेचाळीसच्या जूनचं."

"मग वारलीच ना?" यिह्यानं सरळ विचारलं, हवापाण्याचं विचारावं तसं.

कॅफेत हे कुणी विचारत नसे. तिथं प्रत्येकाचं कुणी ना कुणी होतं, आणि न विचारणं हाच तिथला शिष्टाचार होता.

"माहीत नाही," नफ्ताली म्हणाला.

म्हणाला आणि चमकला. माहीत होतं. युद्धानंतर लागलेल्या मेल्या-जगलेल्यांच्या याद्या त्यानं वाचल्या होत्या. कोव्हनोहून जीव वाचवून आलेल्या एका माणसानं, आपण तिचं नाव काढताच, तोंड फिरवलं होतं, तेही त्यानं पाहिलं होतं.

"मग असं करा," यिह्या म्हणाला, "सगळेच द्या. नावासकट मातीत जातील. कुठंतरी जागा तर होईल तिची. मी दाखवीन नंतर कुठं ते."

रस्त्यावर गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. चार वाजता अर्धं पान मोकळं असणार होतं, पण ते आता दुसऱ्या कुणाचं वाटत होतं. त्याला आठवलं — या शहरात त्यानं सात खोल्या बदलल्या होत्या; एक लग्न, दोन ट्रंका पुस्तकं, हिवाळी कोट, सगळं जिथल्या तिथं टाकून तो निघाला होता, आणि दर वेळी, न चुकता, दुसऱ्याच दिवशी टपाल कचेरीत जाऊन नवा पत्ता तेवढा सुवाच्य अक्षरात लिहून दिला होता. का, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. कविता अडत नव्हती. तोच ती पुरी होऊ देत नव्हता.

यिह्या पोत्याचं तोंड उघडं धरून उभा होता. नफ्तालीच्या मांडीवर सगळे कागद होते, आणि त्याला खरीखुरी भीती वाटली — हे आत टाकले तर उद्यापासून टपालवाला गल्लीत आल्यावर कान टवकारायचं काही कारण उरणार नाही, याची.