खराब फाइल: एक

मोड म्हटलं की आमच्या आईला मटकी आठवते. गेममध्ये बाहेरच्या लोकांनी घातलेली भर म्हणजे मोड, असं मी तिला दोनदा समजावलं आणि सोडून दिलं. आमच्या बसच्या गेममधले मुंबईचे रस्ते, लाल बस, थांबे, सगळं अशा मोडमधूनच आलेलं. ते मी काळ्या खिडकीत कमांड टाइप करून उतरवतो. माऊसने एकेक फाइल ओढत बसणारे लोक मला अडाणी वाटतात, एवढी माझी मिजास.

बाबा, शिवा परब, बत्तीस वर्षं बस कंडक्टर होते. गेल्या वर्षी घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांची आरोळी फोनवर रेकॉर्ड केली होती, 'चला, लालबाग! पुढे सरका, दारात लटकू नका.' ती मी मोडमधल्या घोषणेच्या फाइलवर चढवली, तेच नाव देऊन. स्वतःचा वेगळा मोड करायला अर्धा तास लागला असता, त्याचाही आळस केला. दुसरीकडे प्रत ठेवली नाही आणि तो फोन पुढे एक्सचेंजमध्ये गेला. ऑफिसात मी लोकांना बॅकअपवर भाषणं देतो.

रोज संध्याकाळी आई भाजी चिरायला बसली की मी बस लालबागला आणायचो. आवाज आला की ती 'हां' म्हणायची, जणू नवरा आत्ताच ड्यूटीवरून आलाय. बाबा पेपरामागे हसायचे.

शनिवारी गेमची नवी आवृत्ती आली आणि मोड चालेनात. मी सगळे एकदम अपडेट करायची कमांड दिली, सोबत तपासणीचीही. तपासणीत प्रत्येक फाइल मूळ फाइलशी ताडून बघतात. शेवटी ओळ उमटली: एक फाइल खराब आढळली, दुरुस्त केली.

मला बरंच वाटलं. बस लालबागला आणली, तर कुणी बाई गोड आवाजात म्हणाली, 'पुढील थांबा, लालबाग.' माझ्या कमांडने बाबांचा आवाज खराब ठरवून काढून टाकला होता. दुपारभर डिस्क उकरली, काही हाती लागलं नाही.

बाबा मागे उभे होते. त्यांना सांगावं लागलं नाही. मी रडायला लागलो, चौतीस वर्षांचा घोडा. त्यांनी वहीत लिहिलं, 'हितू, आईला तुझी चूक सांगू नको. मीच पुसायला लावला म्हण.'

संध्याकाळी आईने विचारलं, आज बस का नाही. मी तेच सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली.

"तुमकाच तुमचो आवाज नको झालो?" ती बाबांना म्हणाली. "माका इचारल्यात?"

बाबांनी मान खाली घातली. तिने त्यांच्याशी अबोला धरला. ताट वाढायची आणि उठून जायची. आज चौथा दिवस. खरं काय ते बोलू शकणारा या घरात मी एकटाच आहे, आणि मी अजून बोललेलो नाही.