जहाजावरचा खाडा

माझी आई हे जगातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक आहे. तिची स्वतःची खानावळ आहे म्हणून मी हे गमतीनं म्हणतेय असं कुणी समजू नये. मी चिडून म्हणतेय.

दिवाळीत आम्ही दोघी जहाजावर जाणार होतो. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीप बघायचं, परत मुंबई. पुण्यातल्या नोकरीच्या बोनसमधून तिकिटं मी काढली होती आणि आईला 'हो' म्हणायला लावण्यात माझा एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला होता. "समुद्रात काय बघायचं? पानीच की!" इथपासून सुरुवात होती. शेवटी ती तयार झाली, कारण दिवाळीत कारखाने बंद असतात आणि तिचे मेंबर, म्हणजे रोजचे जेवणारे, आपापल्या गावी जातात. खानावळ तशीही बंदच राहणार. म्हणजे लेकीसाठी वेळ काढला असंही नाही, वेळ उरला होता.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे कारखाने आहेत, त्यांच्या मागच्या गल्लीत केसरबाईंची खानावळ म्हणून विचारलं की कुणीही बोट दाखवतं. बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते. त्या वर्षापासून आई रांधते आणि वाढते. लूमवरचे कामगार, मुकादम, ट्रकवाले, सगळे तिचे मेंबर. तिच्या वाढण्यात हयगय नाही, हिशेबात खोट नाही. आणि खाड्याच्या बाबतीत तर ती एकदम कडक. खाडा म्हणजे, मेंबर जेवायला येणार नसेल तर त्यानं सकाळी सांगायचं, मग तेवढं जेवण महिन्याच्या बिलातून वजा. सांगितलेला खाडा आई कधी बुडवत नाही. "न खाल्लेल्या भाकरीचं पैसं घेणारा मानूस लई वंगाळ," असं तिचं मत आहे. या एका मतानं माझा पुरता घात केला.

जहाजावरचं जेवण तिकिटातच असतं. एक मोठा हॉल असतो, एक बुफे असतो, हवं तेवढं खा. पण त्याशिवाय काही छोटी हॉटेलं असतात. एक जपानी, एक इटालियन, एक असं की आचारी तुमच्यासमोर तव्यावर भाजून देतो. तिथं जेवायचं तर वेगळे पैसे. त्यांचं मिळून एक पॅकेज असतं. ते जहाजावर चढण्याआधी घेतलं तर स्वस्त पडतं, आणि ती सवलत मी सांगतेय त्या संध्याकाळी संपत होती.

माझं यूट्यूबवर सगळं बघून झालं होतं. निम्मे लोक म्हणतात, पैसे पाण्यात, अक्षरशः समुद्राच्या पाण्यात. हॉलमधलं जेवण चांगलं असतं. निम्मे म्हणतात, हे नाही घेतलं तर गेलात कशाला? एका बाईनं ताटलीतला घास कॅमेऱ्याजवळ धरून दाखवला होता. तो घास बघूनच मला भूक लागली, पोटाची नव्हे, जिभेची.

पण मला ती सुशी नको होती, पास्ताही नको होता. मला टेबल हवं होतं. दोघींचं टेबल, समोरासमोर, वाढायला तिसरा माणूस. मी एकोणतीस वर्षांची झाले आणि माझी आई माझ्याबरोबर बसून एक अख्खं जेवण कधी जेवलेली नाही. एकदा तिनं जेवावं, एवढंच मला पाहिजे होतं.

"मग बुफेत बसा की," असं म्हणणाऱ्यांनी माझ्या आईला बुफेत पाहिलेलं नाही. मागच्या वर्षी सुमितच्या, माझ्या मामेभावाच्या लग्नात तिला मी ताट हातात देऊन रांगेत उभं केलं होतं. मी जिलेबी घेऊन वळते तर रांगेत आई नाही. शोधलं तर काउंटरच्या पलीकडे! पुऱ्या वाढणारा पोरगा हळू होता म्हणून बाईंनी त्याच्या हातातून चिमटा काढून घेतला होता आणि वऱ्हाडाला पुऱ्या वाढत होत्या. बुफेत आई जेवत नाही, कामाला लागते. जहाज झालं म्हणून काय फरक पडणार होता?

तर त्या संध्याकाळी मी सोलापुरात होते, खानावळीत, मेंबर यायच्या आधी. आई कांदा चिरत होती. भाकऱ्या थापणारी फुलामावशी परात घेऊन बसली होती. मी मोबाइल आईसमोर धरला आणि पॅकेज समजावून सांगितलं.

आईनं चिरता चिरता ऐकून घेतलं. "म्हंजे तिकिटात जेवाण हाय."

"हो."

"आन् परत ह्या हाटेलात पैसं देऊन जेवायचं."

"हो, पण वेगळं..."

"मग त्या दिवशी आपुन हॉलात जेवनार न्हाय. त्येचा खाडा धरत्यात का?"

मी म्हटलं, "आई, जहाजावर खाडा नसतो."

"नसतोय हे तुला काय म्हाईत? इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. कुठला शहाणा माणूस हे विचारेल? पण आईनं हात पदराला पुसले आणि म्हणाली, "लाव त्येस्नी फोन."

आणि मी मूर्खासारखा जहाज कंपनीला लावला. पलीकडून एका मुलाचा गोड आवाज आला. आई आमच्या सोलापुरी हिंदीत सुरू झाली. "साहब, हम तुमारे दूसरे हाटेल में जेवेंगे, तो पैले हाटेल का खाडा पकडते क्या?"

"मॅम, खाडा मतलब?"

आईनं त्याला खाडा समजावला. पहिल्यापासून. सकाळी सांगितलं तर किती धरायचा, ऐनवेळी सांगितलं तर का धरता येत नाही, सणावारी काय करायचं. तो बिचारा 'जी मॅम, जी मॅम' करत राहिला. फुलामावशी भाकरी थापायची थांबून ऐकत होती. मी टेबलावर डोकं टेकवलं.

शेवटी त्यानं सांगितलं की तुम्ही हॉलमध्ये जेवा, नका जेवू, तिकीट तेवढंच.

"असं कसं? तुमारा तो अनाज बचता ना?"

"जी मॅम, पण... पॉलिसी आहे." त्या घाबरगुंडीत तो मराठीवर आला. आमचंच कुठलं तरी पोरगं निघालं.

आईनं फोन माझ्या हातात दिला. "ऐकलंस? येका तोंडाला दोन जेवनाचं पैसं. आपल्याला न्हाय परवडत असला धंदा. नको."

"आई, पैसे मी देतेय."

"तुजं पैसं काय झाडाला लागत्यात?"

"तू चव तरी बघशील काहीतरी वेगळी!"

"भाकरी देत्यात का तितं?"

"भाकरी कशाला देतील जपानी हॉटेलात!"

"मग?"

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. माझं डोकं सटकलं. मी जे बोलणार नव्हते ते बोलून बसले.

"मला जेवण नकोच आहे आई! मला तू पाहिजेस समोर! तू माझ्याबरोबर बसून कधी जेवलीस, सांग. एक दिवस सांग."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्यावर खाडा बुडवल्याचा आळ घेतला. "रोज जेवत हुतीस की हितं. मीबी हितंच हुते."

"मी मेंबरांत बसून जेवत होते. तू वाढत होतीस."

"मग कुनी वाढायचं?"

 फुलामावशीनं परातीत डोकं घातलं.

खानावळीत भिंतीला लागून, कोपऱ्यापर्यंत गेलेलं एक लांब बाकडं आहे, पुढे टेबल, आणि टेबलाचे पाय जमिनीत सिमेंटनं बसवलेले. आत बसलेल्याला बाहेरचा उठल्याशिवाय उठता येत नाही. लहानपणी आई मला नेहमी अगदी आत बसवायची. "आत बस, म्हंजे मधी मधी लुडबुडनार न्हाईस," म्हणायची. मी भिंतीला पाठ लावून, कामगारांच्या कोपरांमधून तिची पाठ इकडून तिकडे जाताना बघत जेवायचे. अभ्यासाला उठायचं असलं तरी चार माणसं जेवून होईपर्यंत अडकलेली.

आईनं चिरलेला कांदा बाजूला सारला. मग म्हणाली, "ताट घे. आत्ता बसू."

"आत्ता?"

"व्हय, आत्ता. हितं बसून जेवले तर झालं न्हवं? का त्येला समुद्रच लागतोय?"

तिनं दोन ताटं वाढून आणली. पिठलं, भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. मी आत सरकले, ती माझ्याशेजारी बाकड्याच्या कडेला बसली. एक पाय बाहेर ठेवून. मी तो पाय पाहिला, पण म्हटलं, असू दे. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला. मला एवढं बरं वाटलं की मी लगेच काहीतरी बोलायला गेले, ऑफिसातलं, काहीही.

तेवढ्यात मेंबर यायला लागले. पहिला शरणप्पा. हा अक्कलकोटकडचा, लूमच्या खडखडाटानं बहिरा व्हायला आलेला, त्यामुळे मोठ्यानं बोलतो. तो दारातच थांबला.

"अक्का! काय झालं? अंगात बरं न्हाय काय?"

"जेवतीया."

"बसून?"

त्याच्यामागून सिदू आला, त्यानंही तेच विचारलं. मग दोघं टेबलापलीकडच्या दुसऱ्या बाकड्यावर परक्या घरी आल्यासारखे हात मांडीवर ठेवून बसले. फुलामावशीनं त्यांना ताटं नेऊन दिली. आई घास चावत होती, पण डोळे त्यांच्या ताटात.

"फुले, सिदूला चटनी न्हाय दिलीस."

"देते की."

"तो चटनीबिगर जेवत न्हाय. थांब." आणि ती उठली.

चटणी वाढून आली, बसली. दुसरा घास. तव्यावरच्या भाकरीचा वास आला. "करपली गं फुले!" उठली. आली. शरणप्पाला पाणी पाहिजे होतं. म्हणजे त्यानं मागितलं नव्हतं, त्यानं नुसतं रिकाम्या तांब्याकडे पाहिलं होतं. उठली. मग बाकीचे मेंबर एकदमच आले आणि आई आली नाही. गेली ती गेलीच.

मी भिंतीला पाठ लावून बसले होते. शेजारी तिचं ताट. पिठल्यावर साय धरायला लागली होती. भाकरीचा तुकडा मोडलेला, तसाच. मला राग आला होता. तिचाही राग, शरणप्पाच्या तांब्याचाही, आणि स्वतःचा सगळ्यात जास्त. इथं ती बसू शकत नाही हे काय मला आज कळलं? जहाजावर तरी कशावरून बसेल? पांढऱ्या डगल्यातला वेटर जरा हळू निघाला की बाई उठणार, त्याच्या हातातलं ताट घेणार. पॅकेज घेऊन काय उपयोग? निम्मे लोक म्हणत होते ते बरोबरच होतं, पैसे पाण्यात.

मी मोबाइल टेबलावर पालथा घातला आणि जेवण उरकलं.

मेंबर जेवून गेले. शरणप्पा जाताना माझ्यासमोर थांबला आणि म्हणाला, "अक्काला जरा इश्रांती द्या ताई, आज सारखी बसत हुती."

फुलामावशी तवा घासायला मागे गेली. आईनं आपलं ताट उचललं, ओट्याशी नेलं आणि उभ्यानं जेवायला लागली. गार पिठलं, तोच मोडलेला तुकडा. मी बाकड्यावरून तिची पाठ बघत होते. किती वर्षं हीच पाठ बघितली होती मी. म्हटलं, जाऊ दे. नको ते पॅकेज. दोघी जाऊ, पाणी बघू, परत येऊ.

"दीक्षा," आई न वळता म्हणाली.

"काय?"

"त्या हाटेलातली टेबलं कशी असत्यात?"

"टेबलासारखी टेबलं. का?"

"भितीला लागून असत्यात का?"

मी व्हिडिओ आठवले. "काही काही असतात. एका बाजूला सोफा असतो, भिंतीला लावलेला."

"आत बसलं की उटता येतंय का?"

"बाहेरच्यानं वाट दिली तर येतं."

आईनं चटणी चाटून बोट पुसलं. नळाखाली ताट धुतलं. मग ती पदराला हात पुसत आली आणि माझ्या मोबाइलकडे पाहिलं.

"झाली का बंद ती सवलत त्येंची?"

मी मोबाइल सुलटा केला. "नाही अजून. पण खाडा नाही धरत ते, माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय." ती पुटपुटली, "लई वंगाळ लोक." आणि बाकड्याच्या कडेला टेकली, पाय बाहेर. "घे. पन भितीकडचं टेबल माग. मला आत बसव आन् तू भाईर बस."

मी पॅकेजचं बटण दाबलं. आई माझ्याकडे नाही, त्या सिमेंटमधल्या टेबलाच्या पायाकडे बघत होती.

"आन् मी उटाय लागले," ती म्हणाली, "तर सरकू नगंस."